सोडवणे आणि तोडणे : महाड–पोलादपूरच्या मोटारी, गंज आणि मिस्त्री

रस्त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा कागदाकडे जातात. गॅझेटियर, बांधकाम खात्याचे अहवाल, नगरपालिकेची इतिवृत्ते, वर्तमानपत्रांच्या फायली यांतून रस्ता कधी झाला, त्यावर खर्च किती आला आणि उद्घाटनाला कोण आले होते हे कळते. त्या रस्त्यावरून चालणारी वाहने बंद पडली की ती कोणी, कशी आणि कशाच्या आधारावर पुन्हा चालू केली, याची नोंद त्या कागदांत नसते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गेली बारा-पंधरा वर्षे जुन्या गॅरेजांतून हिंडताना माझ्या लक्षात आले, की ती नोंद दुसरीकडे आहे. ती पान्यांच्या पेटीत आहे, मिस्त्रींच्या बोलीत आहे आणि जुन्या मोटारीच्या पोटाखाली, सायलेन्सरचा पुढचा पाईप इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथल्या दोन-तीन गंजलेल्या नटांत आहे. या लेखात मी त्या नटांपासून रस्त्याकडे जाणार आहे.

आधी वाट पाहू. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख जुन्या काळी पाण्याने आणि घाटांनी जगाशी जोडलेला होता. बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी सावित्रीत शिरते. दासगावपर्यंत आणि भरती मोठी असेल तर महाडपर्यंत गलबते येत. वर देशावर जायला घाट होते. महाडहून भोरकडे वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी. आंबेनळीच्या गाडीरस्त्याला इंग्रजांनी एका गव्हर्नराचे नाव देऊन फिट्झगेराल्ड घाट म्हटले. देशावरून गूळ-धान्य उतरे, खालून मीठ-मासळी चढे. महाडची पेठ याच देवघेवीवर उभी राहिली. दक्षिणेला कशेडीचा घाट ओलांडला की खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा.

मोटार आली ती या घाटवाटांवरच. ती आली तेव्हा तिच्यात कोणी बसायचे हा प्रश्नही तिच्याबरोबर आला. महाडच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना सर्वांना ठाऊक आहे : २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या सत्याग्रह परिषदेच्या प्रवासाचा तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतर बंदर सोयीचे असतानाही त्यांनी हरिहरेश्वरचा मार्ग धरला. चरित्रकार धनंजय कीर यांनी याचे कारण दिले आहे : मोटारवाल्यांनी न्यायला नकार दिला तर दासगावहून शेवटचे पाच मैल चालत जाता यावेत. मोटारवाहतुकीच्या कोकणातल्या इतिहासात हे वाक्य पहिल्या पानावर असायला हवे. यंत्राला जात नसते, पण यंत्राच्या मालकाला असते, आणि पाच मैल चालण्याची तयारी ठेवूनच काहींना प्रवासाचा बेत करावा लागत होता. पुढे हा मुलूख मोटारीने जोडला गेला असे आपण म्हणतो, तेव्हा कोण कोणाशी जोडले गेले हे विचारण्याची सवय मला या प्रसंगाने लावली.

त्यानंतरच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्रीवर दगडी पूल उभा राहिला. त्याच वर्षी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्यांचा परिणाम एकत्र झाला. सुटे भाग पेट्यांत भरून अमेरिकेहून येत, मुंबईत जोडले जात आणि त्या शेव्हरलेट गाड्यांच्या सांगाड्यांवर लाकडी टप बसवून ‘सर्व्हिस मोटारी’ कोकणात धावू लागत. फोर्डच्या गाड्याही होत्याच. त्यांचे मालक खासगी, वेळापत्रक त्यांच्या मर्जीचे आणि दुरुस्ती क्लीनरच्या अंगावर. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली आणि एकेक मार्ग सरकारकडे जाऊ लागला, तसे या सर्व्हिस मोटारींचे दिवस भरले. गाड्या गेल्या, पण त्या सांभाळणारे हात मागे राहिले. त्यांतले काही एस.टी.च्या डेपोत गेले आणि काहींनी नाक्यावर झाडाखाली आपले दुकान मांडले.

याच सुमारास युद्धातून उरलेली लष्करी वाहने बाजारात आली. लोक त्यांना ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत. महाड-पोलादपूर हा फौजी पेन्शनरांचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धात ट्रक चालवलेले, वर्कशॉपात काम केलेले जवान घरी परतले होते. दुसरा प्रवाह समुद्रावरून आला. इथल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर नोकरीला होते. इंजिनखोलीत ज्याने दहा वर्षे काढली त्याला वाफ, तेल, पॅकिंग आणि तापलेले लोखंड यांचे वेगळे शिक्षण लागत नव्हते. तिसरा प्रवाह मुंबईचा. गिरणीच्या वर्कशॉपात, कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात, बेस्टच्या आगारात काम करून, नोकरी सुटल्यावर किंवा संप लांबल्यावर गावी परत आलेले चाकरमानी. फौज, बोट आणि गिरणी या तीन शाळांतून इथली मिस्त्रीविद्या आली. तिचे पुस्तक कोणी लिहिले नाही.

आता मोटारीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मोटार हा देशाच्या आर्थिक धोरणाचा विषय झाला. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्याकडे भारतातच टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसते भाग आणून जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मोटारगाड्यांत मुख्यतः तीन नावे उरली : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या आणि मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाले. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आयातीवर बंधने असल्याने परदेशी गाडीचा भाग तुटला तर तो मिळेलच याची शाश्वती नसे. म्हणून जी गाडी हातात आहे ती चालती ठेवणे एवढाच मार्ग होता. मुंबईत टॅक्सी म्हणून दमलेली फियाट दुसऱ्या-तिसऱ्या हाताने कोकणात येई आणि इथे पुन्हा वीस वर्षे चाले. अशा अर्थव्यवस्थेत मिस्त्रीच्या कामाचा पहिला नियम ठरून गेला : काहीही तोडायचे नाही, सोडवायचे.

हा नियम सगळ्यात कठीण कुठे होता, तर सायलेन्सरच्या पुढच्या पायपाशी. ज्यांनी मोटारीखाली डोकावलेले नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. इंजिनात जळालेला वायू आधी एका बिडाच्या तुकड्यातून बाहेर येतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. चार सिलिंडरचा धूर एकत्र करून तो खाली देतो. त्याच्या तोंडाशी बिडाचेच कान असतात, त्या कानांत पोलादी स्टड घट्ट बसवलेले असतात आणि त्या स्टडांवर पायपाची फ्लँज अडकवून नट आवळलेले असतात. मध्ये पॅकिंग. एवढाच सांधा. बीड, पोलाद आणि पत्रा असे तीन स्वभाव तिथे एकत्र नांदतात.

या सांध्याची परीक्षा महाड-पोलादपूरसारखी क्वचितच दुसरीकडे होत असेल. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीच्या पातळीवर आणि वर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांवर. मधले अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. खालच्या गिअरमध्ये तासभर चढताना इंजिनावर पूर्ण भार असतो आणि मॅनिफोल्ड सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. लोखंड फुगते. उतरताना इंजिन रिकामे फिरते आणि तेच लोखंड झपाट्याने निवते. वर पावसाळा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तापलेल्या सांध्यावर चाकांनी उडवलेले गढूळ पाणी बसते, तडतडते, वाळते, पुन्हा बसते. आतूनही पाणी असतेच, कारण एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातून साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. गाडी लांब गेली तर ते उडून जाते. बाजारपेठेतून एस.टी. स्टँडपर्यंत आणि परत एवढीच फेरी असेल, तर ते पायपातच थिजून आम्लासह साचते आणि आतून पत्रा खाते.

लोखंड गंजले की जागा जास्त मागते, हा यातला मुख्य मुद्दा. गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असते. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये जी बारीक फट असते ती गंजाने भरते आणि मग दाबली जाते. पाच-दहा वर्षांनी नट आणि स्टड हे दोन वेगळे तुकडे आहेत हे फक्त मिस्त्रीला ठाऊक असते. गाडीच्या दृष्टीने ते एक झालेले असतात.

अनेक जुन्या गाड्यांत या जागी पितळी नट दिलेले असत. त्यामागे विचार होता. पितळ गंजत नाही, पोलादाला चिकटून बसत नाही, आणि जोर जास्त झाला तर नटाचे आटे जातील पण स्टड वाचेल. पण पितळी नट हरवला, की हाताशी असलेला साधा लोखंडी नट लावला जाई. दहा मिनिटांत काम होई आणि पुढच्या मिस्त्रीसाठी दहा वर्षांनंतरचे संकट लिहून ठेवले जाई. म्हणूनच गाडीखाली शिरल्यावर जाणता मिस्त्री आधी नट वाचतो. तीनांपैकी एक पितळी आणि दोन लोखंडी असतील, तर गाडी किमान एकदा घाईत कोणाच्या तरी हाताखालून गेली आहे. एखाद्या नटाचे कोपरे गोल झालेले असतील, तर कोणीतरी चुकीच्या पान्याने जोर लावून हार मानलेली आहे. जुन्या दस्तऐवजावरच्या वेगवेगळ्या शाईसारखे हे थर असतात.

अशा एका कामाचे मी नीट टिपण ठेवले आहे. गाडी पद्मिनी, महाडच्या एका घरातली. जुलै २०२१ च्या महापुरात ती दोन दिवस पाण्याखाली होती. इंजिन नंतर जागे झाले, पण सायलेन्सर गाळाने भरून दगड झाला होता. पाईप उतरवल्याशिवाय इलाज नव्हता आणि तो उतरत नव्हता. एका ठिकाणी ‘कापून टाकू, नवा मॅनिफोल्ड शोधा’ असे सांगण्यात आले. नवा मिळण्याची आशा नव्हती. शेवटी गाडी पोलादपूर रस्त्यावरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे आली. वय पंचाहत्तरीच्या घरात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तसेच म्हणेन. त्यांचे वडील बोटीवर इंजिनखोलीत होते.

पहिल्या दिवशी चाचांनी पाना हातातच घेतला नाही. गाडी उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, तारेच्या ब्रशने स्टडांची बाहेर आलेली टोके लख्ख केली, कारण नट बाहेर येताना याच टोकांवरून येणार आणि तिथला गंज त्याला पुन्हा अडवणार. मग रॉकेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण थेंबथेंब सोडले. प्रत्येक नटावर हातोडीने हलके ठोके दिले. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. मी विचारले, आणखी किती? ते म्हणाले, “तुम्ही आज वरण टाकून आजच पुरण मागता. भिजू द्या.”

दुसऱ्या दिवशी पाना निवडण्याचे काम. फियाटचे माप मीटरचे. आठ मिलिमीटरच्या स्टडवरच्या नटाला तेराचा पाना लागतो. पण गंजाने कोपरे झिजलेल्या नटावर तेराचा पाना सरकतो आणि उरलेले कोपरेही जातात. चाचांनी पेटीतून अर्ध्या इंचाची सहाकोनी गोटी काढली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती नटावर ठोकून बसवली. बाराकोनी गोटी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण ती कोपऱ्यावर जोर देते आणि सहाकोनी सपाट बाजूवर.

या पेटीविषयी स्वतंत्र लिहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने ती या मुलखाचे एक दप्तर आहे. तिच्यात तीन कप्पे होते. एकात इंचाचे पाने, ज्यांवर नटाच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर कोरलेले. ते जीप, डिस्पोजलचे ट्रक आणि नंतर अँबेसडरसाठी. दुसऱ्यात जुने इंग्रजी व्हिटवर्थचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. त्याच्या पान्यावर नटाचे माप नसते, बोल्टच्या जाडीचे असते, त्यामुळे ‘अर्धा’ लिहिलेले दोन पाने शेजारी ठेवले तर त्यांची तोंडे वेगळी निघतात. तिसऱ्या कप्प्यात मीटरचे, फियाट आणि टाटा-मर्सिडीज ट्रकसाठी. इंग्रजांचे राज्य, अमेरिकनांचे युद्ध आणि स्वतंत्र भारताचे करारमदार असा तीन कप्प्यांचा इतिहास त्या पेटीत होता. देशाने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापे स्वीकारली, पण गॅरेजात अजूनही ‘चार सुताचा बोल्ट’ मागतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे तोच अर्धा इंच. शाळेत मीटर शिकलेली पोरे गॅरेजात येऊन सूत शिकतात आणि दोन्हींचा मेळ घालतात. इटालियन नटावर इंग्रजी इंचाची गोटी ठोकणे हा तोच मेळ होता.

पहिला नट थोडा आवळून मग सोडवायला घेतला. आवळल्याने गंजाची पकड तुटते. पाव फेरा मागे, अर्धा पाव पुढे, पुन्हा तेल. सरळ जोर लावला तर गरम होऊन आटे एकमेकांत रुततात. हा नट पंधरा मिनिटांत हातात आला. तो पितळी होता. दुसरा आणि तिसरा लोखंडी होते आणि हलायला तयार नव्हते.

आता गॅस. एके काळी कार्बाईडचे दगड पाण्यात टाकून ॲसिटिलीन तयार करण्याची टाकी असे, आता सिलिंडर आहेत. ज्योत लावण्याआधी चाचांनी कालचे तेल-रॉकेल फडक्याने पुसून काढले, पेट्रोलच्या नळीवर ओले गोणपाट टाकले आणि वाळूची बादली जवळ ओढली. ज्योत फक्त नटावर फिरवली, स्टडवर नाही. यामागचे गणित सोपे आहे. आठ मिलिमीटरचे भोक सहाशे अंशांनी तापले तर जेमतेम पाच-सहा शतांश मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीएवढे मोठे होते. पण गंजाचा थर मोडायला केसभर पुरते. नट मंद लाल झाल्यावर ज्योत काढली, लाली जाऊ दिली आणि आट्यांना मेणाचा तुकडा टेकवला. मेण वितळून फटीत ओढले गेले. सुताराने करवतीला मेण लावावे तसे. दुसरा नट करकरत निघाला. त्या आवाजावर त्यांचे सगळे लक्ष होते. कोरडी करकर म्हणजे गंज तुटतो आहे. आवाज थांबून पाना मऊ लागला, तर स्टड पिळला जातो आहे, तिथेच थांबायचे.

तिसऱ्याला पाना मऊ लागला. ते थांबले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी शब्दशः लिहून घेतले : “नट गेला तर जाऊ दे, स्टड वाचव. स्टड गेला तर जाऊ दे, कान वाचव. कान गेला की सगळं गेलं.” बिडाचा कान तुटला तर तो जोडणे फार अवघड. बीड ठिसूळ असते, नुसती वेल्डिंगची टाकी मारली तर निवताना शेजारी नवी चीर जाते. आधी सगळा तुकडा तापवावा लागतो, पितळेने झाळावे लागते, मग हळूहळू राखेत निववावे लागते. म्हणून त्यांनी तिसऱ्या नटाचा बळी दिला. धारदार छिन्नी नटाच्या सपाट बाजूवर, स्टडच्या लांबीला समांतर धरून चार घाव. नट उभा चिरला आणि पाकळीसारखा उघडला. स्टडच्या आट्यांना एक ओरखडा गेला, तो कानशीने साफ झाला. फ्लँज दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकत पाईप खाली आला आणि त्याबरोबर महापुराचा ओंजळभर वाळका गाळ.

जोडताना तिन्ही नट पितळी, आट्यांना ग्रॅफाइटचे ग्रीस. “पुढच्याला त्रास नको,” एवढेच ते म्हणाले. दीड दिवसाचे काम. नवा पाईप बाजारात करून घ्यायला लागला असता त्याहून मजुरी कमीच होती.

इथे एक हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ हळहळ होईल. आज कोणत्याही गॅरेजात गंजलेला पाईप सोडवत बसत नाहीत. ग्राइंडर लावतात, पाच मिनिटांत नट उडवतात, गरज पडली तर पाईपच कापून नवा वेल्ड करतात. चाचांचा मुलगा शेजारच्या गाळ्यात तेच करतो आणि त्याचे म्हणणे बिनतोड आहे. नवा पाईप दोन दिवसांत येतो, दीड दिवसाची मजुरी कोणी देत नाही, गाड्यांच्या आयुष्यालाच मुदत आहे. मुंबईत वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. २०२१ पासून देशाचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण आहे. जुन्या इंजिनाचा धूर घातक असतो, हेही खरे. सोडवण्याची विद्या टंचाईच्या काळात वाढली. टंचाई गेली, तशी तिची गरज गेली. टंचाईचे दिवस परत यावेत असे त्या रांगांत उभा राहिलेला कोणीही म्हणणार नाही.

तरीही या विद्येत टंचाईपलीकडचे काही आहे. तोडायला गाडीची ओळख लागत नाही. सोडवायला आधी हे ठरवावे लागते, की यातले काय गेले तरी चालेल आणि काय जाता कामा नये. नट, स्टड, कान ही उतरंड म्हणजे एक मूल्यविचार आहे आणि तो फक्त मोटारीपुरता नाही.

या रस्त्याने गेल्या दहा वर्षांत तोडणे फार पाहिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा तो दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. बस आणि एक खासगी गाडी पाण्यात गेली, सुमारे चाळीस माणसे गेली. बुडालेल्या गाड्या शोधायला क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून ते पात्रात सोडले होते. गाळाखालच्या लोखंडाचा ठाव घेण्याची ती धडपड काठावरून पाहणाऱ्यांत इथले जुने मिस्त्रीही होते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. कौतुकाचीच गोष्ट. पण अठ्ठ्याऐंशी वर्षे जुन्या बांधकामाचा कुठला दगड ‘कान’ आहे आणि कुठला ‘नट’, हे ओळखणारी नजर त्याआधी हवी होती. मग २२ जुलै २०२१ चा महापूर. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवरही दरडी आल्या, महाडची बाजारपेठ बुडाली. माझ्या विषयापुरते सांगायचे, तर दुकानांच्या माळ्यांवर ठेवलेल्या पावत्या, जुनी बिले, सर्व्हिस मोटारींच्या काळातल्या वह्या त्या दोन दिवसांत लगदा झाल्या. जिथे कागद होता तिथेही आता नाही. उरली ती माणसे आणि हत्यारे, आणि दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. मिस्त्री गेले की त्यांची पेटी किलोच्या भावाने भंगारात जाते. गेल्या चार वर्षांत माझ्या पाहण्यातल्या अशा पाच पेट्या गेल्या.

रेल्वे आली, १९९३ मध्ये कोकण रेल्वे वीरपर्यंत पोहोचली आणि १९९८ मध्ये पूर्ण झाली. महामार्ग रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला. घाट चढून मॅनिफोल्ड लाल होण्याचे प्रसंगच कमी होत जातील. विजेवरच्या गाडीला तर सायलेन्सरच नसतो. म्हणजे या लेखात वर्णन केलेली कृती माझ्या हयातीत नाहीशी होईल. ती टिकवावी असा माझा हट्ट नाही. तिची नोंद मात्र व्हावी. महाडला चवदार तळे आहे, पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची आहे. इतिहास सांभाळण्याची सवय या मुलखाला आहे. त्या सवयीत एक पान्यांची पेटी मावायला हरकत नाही. एखाद्या वाचनालयाने, महाविद्यालयाने कपाटाचा एक खण द्यावा. तीन मापांचे पाने, चिरलेला एक नट, आणि शेजारी ते कोणत्या गाडीचे, कोणत्या साली, कोणाच्या हातचे, याची चिठ्ठी. बोलीतले शब्दही लिहून ठेवावेत : गोटी, सूत, आटे, कान, भिजवणे, चुकवणे. हे शब्द मोटारीबरोबर आले आणि मोटारीबरोबर जातील.

चाचांना मी त्यांच्या पेटीविषयी विचारले. ती मुलाला देणार का? ते म्हणाले, “त्याच्या काय कामाची? तुम्ही नेता तर न्या. पण व्हिटवर्थचे पाने वेगळे ठेवा. ते मिसळले तर शोधणाऱ्याला कळायचं नाही की हे मुळात दोन वेगळ्या देशांचे होते.”